एक उंबरठा आणि दोन बिऱ्हाडें

एका म्यानांत दोन तरवारी राहत नाहींत, असें जुनीं माणसें सांगत आलीं. संगणकाच्या इतिहासांत हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला, आणि त्याचें उत्तर शोधण्यांत पुष्कळ बुद्धिमान माणसांचीं वर्षें खर्चीं पडलीं. एकाच यंत्रावर दोन अथवा अधिक कार्यप्रणाली, म्हणजे लोक ज्यांस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात त्या, नांदवावयाच्या, आणि यंत्र सुरू करतेवेळीं त्यांपैकीं हवी ती निवडावयाची, असा हा खटाटोप आहे. तो साधला तर एका जुन्या यंत्राचीं दोन यंत्रें होतात; बिघडला तर एकही उरत नाहीं असें वाटूं लागतें.

या वाटण्यांतच खरा धोका असतो. घरांतील जुना संगणक मंद झाला म्हणून कोणी हौसेनें त्यावर लिनक्स बसवितो. कोणी लिनक्स असलेल्या यंत्रावर विंडोज पुन्हां बसवितो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं यंत्र सुरू करावें तों पूर्वीची प्रणाली नाहींशी झालेली दिसते. मुलांचीं छायाचित्रें, वडिलांचे हिशेब, कोणाचें अर्धवट लिहिलेलें पुस्तक, सारेंच गेलें अशी घरच्यांची समजूत होते. मग एखादा जाणता म्हणविणारा मनुष्य येतो, सबंध डिस्क कोरी करून नव्यानें प्रणाली बसवितो, आणि जें तोंवर गेलेलें नव्हतें तें त्याच्या हातून खरोखरीच जातें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचाच हा प्रकार. असें कां घडतें हें समजण्यास या यंत्राच्या जन्मकथेकडे वळलें पाहिजे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्या यंत्रास हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपी नांवाच्या पातळ तबकडीवरून कार्यप्रणाली स्मृतींत घ्यावयाची, असा शिरस्ता होता. कंपनीनें या यंत्रासाठीं एक नव्हे, तीन प्रणाली जाहीर केल्या होत्या: पीसी डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. परंतु त्यांच्यांत तंटा होण्याचें कारणच नव्हतें. जिची फ्लॉपी खांचेंत घालावी तिचें राज्य. ती काढून दुसरी घातली कीं राज्य पालटलें. प्रत्येक बिऱ्हाडाचें घर निराळें आणि दारही निराळें.

मार्च १९८३ मध्यें याच कंपनीचें एक्स.टी. नांवाचें यंत्र आलें. त्यांत १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क बसविलेली होती. आज एका छायाचित्रालाही ती अपुरी पडेल; त्या वेळीं मात्र एवढी जागा एकाच प्रणालीनें अडवून ठेवावी हें तिच्या कर्त्यांस योग्य वाटलें नाहीं. म्हणून त्याच सुमारास निघालेल्या डॉसच्या २.० या आवृत्तीबरोबर डिस्कचे विभाग पाडण्याची सोय करण्यांत आली. वाड्यांत चार बिऱ्हाडें राहूं शकतील अशी ती योजना होती. वाडा वांटला गेला. पण दिंडी दरवाजा मात्र एकच राहिला, आणि पुढील सर्व भांडणांचें बीज तेथें पडलें.

तो दरवाजा म्हणजे डिस्कचा पहिला सेक्टर होय. यंत्रास वीज मिळतांच मदरबोर्डवरील चिपमध्यें सांठविलेली बायॉस नांवाची आज्ञावली प्रथम जागी होते. ती स्मृति तपासते, कळफलक तपासते, आणि मग डिस्कवरील पहिला सेक्टर वाचून कारभार त्याच्या हवालीं करते. या सेक्टरांत अवघे ५१२ बाइट असतात. त्यांतील ४४६ बाइटांत द्वारपाळाचें काम करणारी चिमुकली आज्ञावली, ६४ बाइटांत विभागांचा तक्ता, आणि शेवटच्या २ बाइटांत ओळख पटविणारी खूण. तक्त्यास ओळी चारच. प्रत्येक ओळ १६ बाइटांची. कोणता विभाग कोठें सुरू होतो, केवढा आहे, आणि सध्यां कोणता ‘चालू’ आहे, एवढेंच तींत लिहिलेलें असतें. या पहिल्या सेक्टरास मास्टर बूट रेकॉर्ड असें नांव पडलें.

द्वारपाळाचें काम सोपें होतें. तक्त्यांत ‘चालू’ अशी खूण केलेला विभाग शोधावा, त्या विभागाचा पहिला सेक्टर वाचावा, आणि कारभार त्यास द्यावा. दुसरी प्रणाली हवी असेल तर एफडिस्क नांवाच्या साधनानें ती खूण दुसऱ्या ओळीवर न्यावयाची आणि यंत्र पुन्हां सुरू करावयाचें. काम अडलें तर द्वारपाळ तीनच वाक्यें बोले. ‘इन्व्हॅलिड पार्टिशन टेबल’ म्हणजे तक्त्यांतील खुणा चुकल्या. ‘एरर लोडिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणजे विभागाचा पहिला सेक्टर वाचतां आला नाहीं. ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणजे तो वाचला, परंतु त्याच्या शेवटीं ओळखीची खूण सांपडली नाहीं. या तिन्ही वाक्यांत घरांतील सामानसुमानाविषयीं एक अक्षरही नाहीं. तक्रार केवळ वाटेची आहे. हें ज्यास उमगलें त्याचें अर्धें भय तेथेंच सरतें.

पुढें प्रणालींची संख्या वाढली आणि द्वारपाळाच्या जागेवर प्रत्येकीचा डोळा गेला. आय.बी.एम.नें १९९२ सालीं ओएस/२ च्या २.० आवृत्तीबरोबर बूट मॅनेजर दिला. तो स्वतःसाठीं एक लहानसा विभाग घेई आणि यंत्र सुरू होतांच पाहुण्यास कोणाकडे जावयाचें तें विचारी. १९९३ सालच्या विंडोज एनटीनेंही थोडी सभ्यता दाखविली. पूर्वीच्या डॉसचा आरंभीचा सेक्टर तिनें एका फाइलींत जपून ठेवला आणि निवडीची यादी पडद्यावर आणली. परंतु ही सभ्यता भाऊबंदांपुरतीच होती. परक्या प्रणालीची तिला दखल नव्हती. ऑगस्ट १९९५ मध्यें आलेल्या विंडोज ९५ नें तर विचारपूसच सोडली. ती बसवितांना पहिल्या सेक्टरांतील आज्ञावली सरळ बदलली जाई, आणि तेथें आधीं कोण उभा होता याची चौकशीही होत नसे. यामागें दुष्टपणा होता असें म्हणण्याचें कारण नाहीं. वाड्यांत आपल्यावांचून दुसरें बिऱ्हाड असेल, ही कल्पनाच तिच्या कर्त्यांच्या हिशेबांत नव्हती.

या अनुभवांतून एक नियम रूढ झाला: जुनी विंडोज आधीं बसवावी, नवी नंतर, आणि लिनक्स सर्वांत शेवटीं. नव्या विंडोजला जुनीची ओळख असते, जुनीला नवीची नसते; आणि लिनक्सबरोबर येणारा द्वारपाळ दोघींचीही ओळख ठेवतो.

हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षीं वर्नर आल्म्सबर्गर यांनीं तिच्यासाठीं लिलो नांवाचा द्वारपाळ रचला. लिलोची एक रीत मोठी शिकण्यासारखी होती. कामाचा एकेक टप्पा पार पडला कीं तो आपल्या नांवाचें एकेक अक्षर पडद्यावर उमटवी. चारही अक्षरें उमटलीं म्हणजे सर्व ठीक. नुसतें ‘एल’ उमटून यंत्र थबकलें, तर लिलोचा पहिला भाग जागा झाला, परंतु दुसरा त्यास वाचतां आला नाहीं. ‘एल-आय’ वर थांबलें, तर दुसरा भाग वाचला, पण चालवितां आला नाहीं. ‘एल-आय-एल’ वर थांबलें, तर दुसरा भागही चालूं लागला, मात्र पुढील वाटेचा नकाशा हातीं लागला नाहीं. वैद्यानें नाडीवर बोट ठेवून रोगाचें स्थान सांगावें, तसें जाणता मनुष्य त्या अक्षरांवरून बिघाडाचें स्थान सांगूं शके.

लिलोचा दोष त्याच्या रचनेंतच होता. त्यास फाइलींचीं नांवें वाचतां येत नसत. लिनक्सचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तो डिस्कवर नेमका कोणत्या सेक्टरांत आहे याची टिपणी तो आधींच करून ठेवी आणि डोळे मिटून त्या टिपणीप्रमाणें चाले. कर्नेल बदलला आणि टिपणी नव्यानें केली नाहीं, कीं द्वारपाळ पाहुण्यास रिकाम्या खोलींत नेऊन सोडी. लिलोची आज्ञा पुन्हां एकदां चालविणें हा त्यावर उपाय होता; विसरणारे मात्र पुष्कळ होते.

याहून मोठें संकट जुन्या बायॉसनें उभें केलें. डिस्कवरील जागेचा पत्ता तेव्हां तीन आंकड्यांनीं सांगत, आणि त्यांस सिलिंडर, हेड व सेक्टर अशीं नांवें होतीं. जणुं पेठ, गल्ली आणि घरक्रमांक. बायॉसनें सिलिंडरसाठीं १० बिट राखले होते, म्हणून पेठा १०२४ च्या पलीकडे मोजतां येत नसत. गल्लींत घरें ६३ च. त्यांतच तत्कालीन आयडीई डिस्क एका पेठेंत १६ गल्ल्यांहून अधिक मानीत नसे. १०२४, १६, ६३ आणि प्रत्येक घराचे ५१२ बाइट यांचा गुणाकार केला कीं सुमारें ५२ कोटि ८० लक्ष बाइट होतात. ही झाली ५२८ मेगाबाइटांची मर्यादा. बायॉसनें गल्ल्यांचा आंकडा फुगवून सांगण्याची युक्ति काढली, तेव्हां ती मर्यादा सुमारें ८.४ गिगाबाइटांवर गेली. पुढें पेठ-गल्ली टाकून सरळ अनुक्रमांक देण्याची पद्धत आली. २८ बिटांचा तो अनुक्रमांक १३७ गिगाबाइटांशीं संपला, म्हणून तो ४८ बिटांचा करावा लागला. विंडोज एक्सपीला ही सुधारणा २००२ सालच्या पहिल्या सर्व्हिस पॅकनें मिळाली.

या आंकड्यांचा दोन बिऱ्हाडांशीं निकटचा संबंध आहे. विंडोज डिस्कच्या आरंभीं आणि लिनक्स शेवटीं, अशी मांडणी पुष्कळांनीं केली. मग लिनक्सचा कर्नेल १०२४ व्या सिलिंडरच्या पलीकडे पडला, तर प्रारंभीं सर्वस्वीं बायॉसवर विसंबणारा लिलो त्यास हात लावूं शकत नसे. नवल असें कीं कधीं कधीं तेंच यंत्र महिनोन् महिने बिनतक्रार चाले, आणि एखाद्या दिवशीं कर्नेल नवा केला कीं बंद पडे. कारण नव्या कर्नेलास मिळालेली जागा सीमेपलीकडची असे. धनी बिचारा कर्नेलास दोष देई. डिस्कच्या अगदीं आरंभीं कर्नेलपुरता एक लहान विभाग राखणें हा उपाय शहाण्या लोकांनीं काढला, आणि जुन्या यंत्रांवर तो आजही उपयोगी पडतो.

१९९५ सालीं एरिक बोलीन यांनीं ग्रब नांवाचा नवा द्वारपाळ रचण्यास आरंभ केला. पुढें गॉर्डन मॅट्झिगकाइट आणि योशिनोरी ओकुजी यांच्या हातून १९९९ सालीं तो ग्नू प्रकल्पांत दाखल झाला. ग्रबला फाइलींचीं नांवें वाचतां येतात. म्हणून कर्नेल हलला तरी तो नांवावरून शोधून काढतो. परंतु एवढी विद्या ४४६ बाइटांत कशी मावणार? म्हणून ग्रबनें पहिल्या सेक्टरांत केवळ एक पाऊल ठेवलें, आणि पहिल्या विभागापूर्वीं जे ६२ सेक्टर परंपरेनें रिकामे राहत त्यांत बिछाना पसरला. ती जागा कोणाच्याच नांवावर नव्हती. कांहीं व्यापारी आज्ञावली आपल्या परवान्याच्या गुप्त खुणा नेमक्या तेथेंच लिहीत; त्यांनीं ग्रबचा बिछाना गुंडाळला कीं यंत्र अडे, आणि कारण कोणासच उमगत नसे. बेवारशी ओसरीवर दोघांनीं हक्क सांगावा, तसा हा तंटा होता.

जुन्या ग्रबचे बोल आंकड्यांचे असत. १५ म्हणजे फाइल सांपडली नाहीं. १७ म्हणजे विभाग दिसला, पण त्याची मांडणी ओळखतां आली नाहीं. १८ म्हणजे बायॉसच्या सीमेपलीकडचा सिलिंडर. २१ म्हणजे डिस्कच दिसत नाहीं. २२ म्हणजे तसा विभागच नाहीं. यांतील २१ हा आंकडा जुन्या यंत्रांवर पुष्कळदां तारेच्या सैल जोडणीनें, अथवा डिस्कांचा क्रम बदलल्यानें उमटे. येथेंही बोल वाटेविषयींचाच आहे.

दरवाजा ठीक असूनही दोन बिऱ्हाडांत कुरबुर चालते, तिचीं कारणें निराळीं आहेत. विंडोज यंत्राच्या घड्याळांत स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स बहुधा जागतिक प्रमाणवेळ. हिंदुस्थानांत या दोहोंत साडेपांच तासांचें अंतर. म्हणून एका प्रणालींतून दुसरींत गेलें असतां घड्याळ तितकें मागें अथवा पुढें गेलेलें दिसतें. उपाय सोपा: घड्याळ स्थानिक वेळेचें आहे असें लिनक्सला एकदां सांगून ठेवावें. घड्याळ सरळ मूळ सालापर्यंतच मागें जात असेल, तर मात्र तंटा प्रणालींचा नव्हे. मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपलेली असते. तिच्याबरोबर बायॉसच्या नोंदीही पुसल्या जातात, आणि कोणती डिस्क आधीं वाचावी हें यंत्र विसरतें. किरकोळ किंमतीच्या त्या बॅटरीपायीं सबंध यंत्र मोडींत निघण्याची वेळ येते.

दुसरी कुरबुर २०१२ सालच्या विंडोज ८ पासूनची आहे. लवकर सुरू होतां यावें म्हणून ती बंद होतांना पूर्ण बंद होत नाहीं. आपली कांहीं स्थिति डिस्कवर ठेवून अर्धवट निजते. अशा वेळीं लिनक्सनें तिच्या विभागांत लिहूं म्हटलें तर लिहूं दिलें जात नाहीं, आणि बळेंच लिहिलें तर फाइलींचा नाश संभवतो. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरांत चूल पेटती असतां भांडीं हलवूं नयेत, हा साधा शिष्टाचार येथेंही लागू आहे. ती शीघ्र-आरंभाची सोय बंद करून ठेवणें हाच योग्य मार्ग.

दुरुस्तीचा खरा क्रम या साऱ्या इतिहासांतूनच निघतो. प्रथम पडद्यावरील शेवटचा शब्द लिहून घ्यावा. द्वारपाळ कोठें अडला तें त्यांत असतें. मग डिस्कला हात न लावतां सीडीवरून अथवा यूएसबीवरून चालणारी लिनक्स सुरू करावी. पुष्कळ जुन्या यंत्रांस यूएसबीवरून सुरू होणें जमत नाहीं, त्यांस सीडीच लागते. आणि ३२ बिटांच्या प्रोसेसरवर ६४ बिटांची प्रणाली चालत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. तेथून विभागांचा तक्ता पाहावा. विभाग जागच्या जागीं दिसले तर आधीं घरचे कागद दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावे, पहिल्या सेक्टरची नक्कल ठेवावी, आणि मगच द्वारपाळाची पुनःस्थापना करावी.

हा क्रम सोडून उपायावर उडी घेणाऱ्यांस इतिहासानें एकदां चांगलाच धडा दिला आहे. डॉसच्या एफडिस्कला ‘एमबीआर’ असा शब्द जोडला कीं पहिल्या सेक्टरांतील आज्ञावली कोरी करकरीत लिहिली जाई, आणि हा उपाय १९९० नंतरच्या दशकांत जो तो दुसऱ्यास सांगे. त्याच काळीं ज्या यंत्रांच्या बायॉसला मोठी डिस्क मोजतां येत नसे, त्यांवर एक दुभाषी आज्ञावली बसविलेली असे, आणि तिचा मुक्काम याच पहिल्या सेक्टरपासून असे. लोकप्रिय उपाय केला कीं द्वारपाळाबरोबर दुभाषीही नाहींसा होई, आणि सबंध डिस्क अगम्य होऊन बसे. रोग परवडला, पण औषध नको, अशी गत. उपाय खोटा नव्हता. त्या सेक्टरांत कोण राहतो हें आधीं पाहिलें नाहीं, ही चूक होती.

एका उंबरठ्याचा हा प्रश्न अखेर उंबरठाच बदलून सोडविण्यांत आला. इंटेल कंपनीनें आपल्या इटॅनियम प्रोसेसरसाठीं आरंभिलेली नवी योजना २००५ सालीं यूईएफआय या नांवानें अनेक कंपन्यांच्या मंडळाकडे गेली. तींत चार ओळींच्या तक्त्याच्या जागीं सामान्यतः १२८ ओळींचा तक्ता आला, आणि आरंभासाठीं एक स्वतंत्र विभाग ठरला. त्यांत प्रत्येक प्रणालीनें आपल्या नांवाच्या कप्प्यांत आपला द्वारपाळ ठेवावयाचा. दारावर प्रत्येकाची पाटी लागली. तरी मधल्या काळांतील यंत्रांनीं एक नवा घोळ निर्माण केला. त्यांस जुनी व नवी अशा दोन्ही पद्धति समजतात. एक प्रणाली जुन्या पद्धतीनें आणि दुसरी नव्या पद्धतीनें बसविली, तर बहुधा एकीच्या यादींतून दुसरी सुरू होत नाहीं. दोघींस एकाच पद्धतीनें बसविणें हाच त्यावरील मार्ग.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नियमित आधार संपला. तिच्यामागून आलेल्या विंडोज ११ ला यूईएफआय लागतें, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. त्यामुळें पुष्कळ धडधाकट यंत्रें तिच्या दारांतूनच परत फिरलीं. अशा घरांत जुनी विंडोज जुन्या कामापुरती ठेवून, इंटरनेटच्या कामासाठीं शेजारीं लिनक्स बसविण्याचा विचार पुष्कळ लोक करतात. विचार चांगला आहे. परंतु ज्या दिवशीं पडद्यावर परकें वाक्य उमटून यंत्र थांबेल, त्या दिवशीं घरच्यांनीं एवढें आठवावें कीं १९८३ सालीं चार बिऱ्हाडांसाठीं बांधलेल्या वाड्यास दरवाजा एकच ठेवला होता, आणि बहुतेक वेळां बिघडतो तो दरवाजा. आंतील कागदपत्रें जागच्या जागीं असतात. दरवाजा अडला म्हणून वाडा पाडावयाचा नसतो. आधीं दारावर कोण उभा आहे तें पाहावयाचें असतें.